‘किती दिसतं?’च्या पुढचा प्रश्न विचारणारं करिअर

आठवीतली एक मुलगी आईसोबत माझ्यासमोर बसली होती. आईच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत तीन दवाखान्यांच्या फायली. डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, मधली नजर कमी झालेली, कडेची शाबूत. तिन्ही फायलींच्या शेवटच्या पानाचा अर्थ एकच होता : औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, सहा महिन्यांनी दाखवायला या. आईने विचारलं, “मॅडम, चष्म्याचा नंबर अजून थोडा वाढवून बघता येईल का?”

नंबर वाढवून उपयोग नव्हता. तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर तिला जेमतेम ओळखता येत होतं. मी मुलीला विचारलं, “तुला काय काय बघायचंय?” ती गोंधळली. किती दिसतं, हे तिला सगळ्यांनी विचारलं होतं. काय बघायचंय, हे बहुधा कुणीच विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, “फळ्यावरचं गणित. आणि एसटीची पाटी.”

बोलताना ती मान किंचित डावीकडे वळवून माझ्याकडे बघत होती. आई सवयीने म्हणाली, “सरळ बघ ना!” मी म्हटलं, “ताई, तिला तसंच बघू द्या. मधला भाग दुखावलाय म्हणून ती पडद्याच्या चांगल्या भागावर चित्र घेतेय. डोळ्याने स्वतःच शोधलेली वाट आहे ती.” मग तिच्या हातात चारपट मोठं दाखवणारी, बोटभर लांबीची एका डोळ्याची दुर्बीण दिली, ती धरायची आणि फोकस करायची कशी ते दाखवलं आणि बाहेरच्या भिंतीकडे वळायला सांगितलं. पाच-सात मिनिटं खटपट झाली. मग तिने अडखळत वाचलं : “शां...तता राखा.” आणि शांतता मोडून मोठ्याने हसली.

निघताना आईने नंबराबद्दल विचारलं नाही. तिने विचारलं, “हे काम शिकायला कुठे जावं लागतं? हिचा भाऊ यंदा बारावीला आहे.”

हा लेख त्या भावासाठी आहे, त्याच्यासारख्या मुलामुलींसाठी आहे आणि “मेडिकलला नंबर लागला नाही तर पुढे काय?” या काळजीने झोप उडालेल्या आईवडिलांसाठीही आहे.

लो व्हिजन म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे लोक दोनच गट करतात : डोळस आणि अंध. या दोहोंच्या मध्ये फार मोठी वस्ती आहे. चष्मा लावला, मोतीबिंदू काढला, जे उपचार शक्य होते ते सगळे झाले, तरीही रोजच्या कामाला पुरेल इतकं दिसत नाही, पण दिसतच नाही असंही नाही. या अवस्थेला लो व्हिजन म्हणतात. मराठीत क्षीणदृष्टी किंवा अल्पदृष्टी हे शब्द वापरात आहेत. सरकारी कागदांवर ‘अंशतः अंध’ असंही लिहिलेलं आढळतं.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात याची व्याख्या आहे. सर्वोत्तम चष्म्यानंतरही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८पेक्षा जास्त नाही आणि ३/६०पर्यंत आहे, किंवा दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत उरला आहे, म्हणजे लो व्हिजन. अशा आकड्यांचा अर्थ सोपा आहे. उदाहरणार्थ ६/६० : निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून ओळखतो, ते या व्यक्तीला सहा मीटरवर आल्यावरच कळतं.

कारणं अनेक आहेत. मुलांमध्ये जन्मजात मोतीबिंदूनंतर राहिलेली कमतरता, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याचे विकार, अल्बिनिझम, डोळ्यांची सतत होणारी थरथर. तरुणांमध्ये रेटिनायटिस पिगमेंटोझा, स्टारगार्ट, फार मोठा उणे नंबर. वयस्कांमध्ये मधुमेहाने बिघडलेला पडदा, काचबिंदू, वयोमानाने झिजलेला मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग. एकीकडे मधुमेह वाढतो आहे, माणसं जास्त जगत आहेत. दुसरीकडे नवजात शिशू विभागांमुळे पूर्वी न वाचणारी अपुऱ्या दिवसांची बाळं वाचत आहेत. या तिन्ही आनंदाच्या आणि काळजीच्या गोष्टींचा परिणाम एकच : या कामाची गरज वाढत जाणार.

दृष्टी मोजणं वेगळं, वापरायला शिकवणं वेगळं

या क्षेत्राचा पाया समजून घ्यायचा तर एक नाव माहीत असावं : नॅटली बॅरागा. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या या शिक्षिका. त्या काळी थोडंफार दिसणाऱ्या मुलांनाही अंध समजून फक्त ब्रेल शिकवलं जाई. उरलेली दृष्टी वापरली तर ती संपेल, अशीही समजूत होती. बॅरागा यांनी अशा मुलांना काही आठवडे पाहण्याचा पद्धतशीर सराव दिला. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवलं, की तक्त्यावर मोजलेली नजर तेवढीच राहिली, पण मुलं ती नजर पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली वापरू लागली. दृष्टी वापरल्याने संपत नाही आणि पाहणं शिकवता येतं, या दोन गोष्टींवर आजचं सगळं लो व्हिजनचं काम उभं आहे.

आपल्या घरांत मात्र जुनी भीती अजून मुक्कामाला आहे. “पुस्तक नाकाला लावू नकोस, डोळे जातील!” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. खरी गोष्ट अशी : चाळीस सेंटिमीटरवरचं पान दहा सेंटिमीटरवर आणलं, की अक्षराचं चित्र पडद्यावर चारपट मोठं पडतं. मुलाच्या डोळ्यांत जवळ फोकस करायची ताकद भरपूर असते, म्हणून ते भिंगाशिवायच स्वतःसाठी मोठी अक्षरं तयार करत असतं. त्याला ओरडण्याऐवजी पुस्तकासाठी तिरकं स्टँड द्यावं, म्हणजे पाठ आणि मान वाचेल.

तपासणीच्या खोलीत काय चालतं?

विद्यार्थी मला विचारतात, “यात शिकण्यासारखं एवढं काय आहे? भिंगच तर द्यायचं.” तपासणी डोळ्यांसमोर आणली की उत्तर मिळतं.

पहिली पायरी नजर मोजण्याची. भिंतीवरचा जुना तक्ता इथे अपुरा पडतो, कारण वरच्या ओळीत एकच अक्षर, त्याखाली दोन. ते नाही दिसलं की लिहून मोकळे : ‘बोटं मोजतो’. १९७६मध्ये मेलबर्नमध्ये इयान बेली आणि जॅन लोव्ही यांनी वेगळा तक्ता बनवला. प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, आणि ओळीमागे ओळ अक्षरांचा आकार एकाच प्रमाणात घटणारा. हा तक्ता तीन मीटरवर, एक मीटरवर आणूनही नेमकी मोजणी करता येते. ‘बोटं मोजतो’ आणि एक नेमका आकडा यांतला फरक लहान वाटेल, पण कोणतं भिंग द्यायचं याचं गणित त्या आकड्यावरच चालतं. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लिया ह्युवॅरिनेन यांनी त्याच सुमारास चार चित्रांचा तक्ता केला : सफरचंद, घर, गोल, चौकोन. तीन वर्षांचं मूलही खेळता खेळता उत्तर देतं.

दुसरी पायरी काँट्रास्टची, म्हणजे फिक्या-गडदातला फरक किती ओळखता येतो याची. १९८८मध्ये डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी बनवलेल्या तक्त्यावर सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात, फक्त फिकट होत जातात. तक्त्यावर बरी नजर असलेले आजोबा जिन्यावरून का पडतात, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. करड्या पायऱ्यांच्या कडा त्यांना दिसतच नाहीत. उपाय पिवळ्या चिकटपट्टीचा.

तिसरी पायरी दृष्टीच्या घेराची. रेटिनायटिस पिगमेंटोझाचा रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो आणि बाहेर पडताना खुर्चीला धडकतो. लोक म्हणतात, नाटक करतो. त्याला बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसतं, आणि अंधार पडला की तेही जातं. ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगणं हेही उपचाराइतकंच मोलाचं काम आहे.

मग भिंगाचं गणित. केस्टनबॉमचा नियम म्हणून एक साधा आडाखा आहे : दृष्टीचा अपूर्णांक उलटा करा, तेवढ्या डायऑप्टरच्या (हे भिंगाच्या ताकदीचं एकक) भिंगापासून सुरुवात करा. नजर ६/६० असेल तर साठ भागिले सहा, म्हणजे दहा डायऑप्टर. त्या भिंगातून वाचायचं तर पान दहा सेंटिमीटरवर धरावं लागेल. इथवर गणित. पुढे माणूस सुरू होतो. आजींचा हात थरथरत असेल तर हातातलं भिंग निरुपयोगी, पानावर ठेवायचं उभं भिंग हवं. शिंप्याला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून भिंग चष्म्यातच बसवायला हवं. कॉलेजच्या मुलीला मैत्रिणींसमोर भिंग काढायची लाज वाटत असेल, तर मोबाईलचा कॅमेरा आणि स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक हेच तिचं साधन. कितीही महागडं साधन दिलं आणि ते कपाटात पडून राहिलं, तर तपासणी अपुरी होती असं समजायचं.

एक गोष्ट खास आपल्या भाषेची. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा वळणाचा असतो. अनुस्वाराचा ठिपका तर सगळ्यांत आधी दिसेनासा होतो. मूल ‘वाचताना चुकतं’, तेव्हा ते शिकण्यात मागे आहे की त्याला ठिपका दिसत नाही, हे मराठी वाचणाऱ्या तज्ज्ञालाच चटकन कळतं. मराठी माध्यमातून शिकल्याचा कमीपणा वाटणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. या कामात तुमची भाषा हे तुमचं हत्यार आहे.

या क्षेत्राचे चार दरवाजे

१. ऑप्टोमेट्री : नजर तपासण्याचं आणि भिंगं ठरवण्याचं शास्त्र. हा मुख्य दरवाजा. बारावी विज्ञानानंतर बी.ऑप्टम. ही पदवी. आजवरचा रूढ साचा तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप असा आहे. २०२१च्या कायद्याने संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि ऑप्टोमेट्रिस्ट त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे नियम नव्याने आखले जात आहेत. प्रवेश ज्या वर्षी घ्यायचा, त्या वर्षीचीच माहितीपुस्तिका वाचावी. पदवीत लो व्हिजन हा एक विषय असतो. ज्यांना त्यातच राहायचं आहे, त्यांनी पुढे एम.ऑप्टम. किंवा मोठ्या नेत्रसंस्थांमधली फेलोशिप करावी.

२. विशेष शिक्षक : दृष्टिबाधित मुलांना शिकवण्यासाठी बारावीनंतर डी.एड. विशेष शिक्षण किंवा पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण. हे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आर.सी.आय.च्या मान्यतेने चालतात. डी.एड.ला विज्ञान शाखेची अट नाही, त्यामुळे कला आणि वाणिज्यच्या मुलांसाठीही हा रस्ता खुला आहे. शिक्षण संपल्यावर आर.सी.आय.च्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवणं बंधनकारक असतं. ब्रेल, मोठ्या अक्षरातलं साहित्य, पांढरी काठी घेऊन स्वतंत्रपणे चालण्याचं प्रशिक्षण, वर्गात मुलाला कुठे बसवायचं, खिडकीचा उजेड कोणत्या बाजूने हवा, हे सगळं यात येतं. मूल ब्रेलने शिकावं, छापील अक्षरांनी की दोन्हींनी, हा मोठा निर्णयही विशेष शिक्षकाच्या निरीक्षणावर ठरतो.

३. ऑक्युपेशनल थेरपी : स्वयंपाक, कपडे, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं, रोजचं जगणं पुन्हा हाती घ्यायला शिकवणारं शास्त्र. या शास्त्राचं देशातलं पहिलं शिक्षणकेंद्र १९५०मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं, कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकर झालेल्या या बाईंनी इथे लावलेलं रोप आज मोठं झाड आहे. मेंदूच्या इजेमुळे पाहण्यात अडचण येणाऱ्या मुलांसोबत काम करायचं असेल, तर हा मार्ग विशेष उपयोगी.

४. सहायक तंत्रज्ञान आणि ॲक्सेसिबिलिटी : संगणकाची आवड असलेल्यांसाठी. स्क्रीन मोठी करणारी आणि वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर शिकवणं, वेबसाइट आणि ॲप दृष्टिबाधितांना वापरता येतात का ते तपासणं. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे हवेत, असा निकाल दिला. एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं त्याच न्यायालयाने म्हटलं. बँका, कंपन्या, सरकारी खाती यांना ही तपासणी करणारी माणसं लागणार, हे उघड आहे.

कुठे शिकावं?

ऑप्टोमेट्रीसाठी दक्षिणेतल्या संस्था जुन्या आणि भक्कम आहेत. चेन्नईत शंकर नेत्रालयाचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५पासून आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत ऑप्टोमेट्रीचं महाविद्यालय आहे आणि लो व्हिजन व पुनर्वसनासाठी स्वतंत्र केंद्रंही आहेत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची प्रशिक्षणाची परंपरा मोठी आहे. दिल्लीच्या एम्समध्येही ऑप्टोमेट्रीची पदवी आहे. महाराष्ट्रात मुंबईचं लोटस कॉलेज आणि पुण्यात भारती विद्यापीठ ही परिचित नावं आहेत.

दृष्टिबाधितांच्या शिक्षणासाठी देहरादूनची राष्ट्रीय दृष्टिबाधित सक्षमीकरण संस्था ही केंद्र सरकारची शिखर संस्था. मुंबईत वरळीची नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२पासून काम करते. बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्या मुलांसाठी हेलन केलर संस्था आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमधलं झेवियर्स रिसोर्स सेंटर २००३पासून तंत्रज्ञान आणि हक्क या दोन्ही बाजूंनी झटतं आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आणि तिचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. तीन प्रश्न विचारा. इथे लो व्हिजनचं क्लिनिक रोज चालतं का, की तो विषय पुस्तकातच आहे? विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने किती रुग्ण तपासायला मिळतात? आणि पदवीला कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या परिषदेची मान्यता आहे? ‘सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट’ असं सांगणाऱ्या जाहिराती असतात. त्यातून चष्म्याच्या दुकानातलं काम शिकता येईल, पण त्याला व्यावसायिक पात्रता समजू नका.

फी न भरता शिकण्यासारखं

प्रवेशाआधीही पुष्कळ शिकता येतं. ऑर्बिस या संस्थेचं सायबरसाइट हे व्यासपीठ नेत्रसेवकांसाठी मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतं. अमेरिकेतल्या पर्किन्स स्कूल फॉर द ब्लाइंडने शिक्षक आणि पालकांसाठी भरपूर साहित्य खुलं ठेवलं आहे. मेंदूमुळे होणाऱ्या दृष्टिदोषाबद्दल वाचायचं तर तिथून सुरुवात करावी. टेक्सासच्या दृष्टिबाधितांच्या शाळेची कार्यशील दृष्टी तपासण्याची पत्रकं आणि व्हिडिओ अभ्यासण्यासारखे आहेत. हॅडली ही संस्था नजर कमी झालेल्या प्रौढांना घरातली कामं कशी करायची ते छोट्या धड्यांतून शिकवते.

हे सगळं इंग्रजीत आहे आणि तिकडच्या घरांसाठी आहे. त्यातली ओव्हनची बटणं आपल्या गॅसच्या शेगडीला लावून पाहणं, तिथली बसची पाटी आपल्या एसटीच्या फलकाशी ताडून पाहणं, हा अभ्यासाचाच भाग. पहिल्या वर्षी बसून तुम्ही ते केलंत, तर चौथ्या वर्षी तुमच्याजवळ मराठी घरांसाठीची स्वतःची वही तयार असेल.

पालक विचारतात ते प्रश्न

“डॉक्टर नाही होणार, मग मान मिळेल का?”
नेत्रतज्ज्ञ आजार बरा करतो किंवा आटोक्यात ठेवतो. आजार राहूनही माणसाला वाचतं-चालतं करणं हे दुसरं काम आहे आणि ते चार माणसांनी मिळून करायचं असतं. त्यात तुमच्या मुलाची जागा डॉक्टरांच्या खाली नाही, शेजारी आहे. रुग्णाच्या घरात तर त्याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं.

“नोकरी कुठे?”
नेत्र रुग्णालयं, महाविद्यालयं, भिंगं आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या, स्वयंसेवी संस्था, विशेष शाळा. सरकारी बाजूला २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथल्या चमूत ऑप्टोमेट्रिस्ट आणि विशेष शिक्षक दोघांची तरतूद आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक काम करतात. २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांसाठीही विशेष शिक्षकांची कायम पदं निर्माण करायला सांगितलं. पदं भरण्याचा वेग पाहता धीर धरावा लागतो, पण दिशा पक्की आहे.

“पैसे?”
मुलांशी आणि पालकांशी मी यावर खरं तेच बोलते. निव्वळ लो व्हिजनवर पहिल्या दिवसापासून चांगला संसार चालेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एका रुग्णाला तासभर लागतो आणि ज्यांना गरज आहे त्यांतल्या पुष्कळांची ऐपत कमी असते. म्हणून शहाणा मार्ग असा : ऑप्टोमेट्रीचं सर्वसाधारण काम, कॉन्टॅक्ट लेन्स, मुलांची नेत्रतपासणी हे पोटापाण्याचं मुख्य काम ठेवा आणि आठवड्याचे दोन दिवस लो व्हिजनला द्या. जिल्ह्यात हे काम करणारे तुम्ही एकटेच असाल, तर पाच-सात वर्षांत डॉक्टर स्वतःहून रुग्ण पाठवू लागतात. शिकवणं आणि संशोधन हे आणखी दोन आधार.

“परदेशात संधी?”
आहे, पण नियम नीट वाचून. भारतीय बी.ऑप्टम.वर अमेरिकेत थेट ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करता येत नाही. तिथली डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री ही पदवी आणि परवाना परीक्षा आवश्यक असतात. लो व्हिजन थेरपिस्ट आणि मोबिलिटी प्रशिक्षक यांच्यासाठी तिथे वेगळी प्रमाणपत्रं आहेत. एजंटच्या शब्दावर घर गहाण टाकू नका, त्या देशाच्या परवाना मंडळाचे नियम स्वतः वाचा.

“आमच्याच मुलाला लो व्हिजन आहे. तो या क्षेत्रात येऊ शकेल?”
हा प्रश्न विचारताना पालकांचा आवाज खाली जातो. माझं उत्तर मोठ्याने आहे : हो. विशेष शिक्षण, समुपदेशन, सहायक तंत्रज्ञान, ॲक्सेसिबिलिटी तपासणी या कामांत त्याचा अनुभव ही त्याची पहिली पदवी ठरते. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, वेळेत काढा. कमतरता ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का अंध आणि क्षीणदृष्टी उमेदवारांसाठी असतो. परीक्षेत लेखनिक मिळतो आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. हा त्याचा हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे. मागताना संकोच करू नका.

हे काम कुणी निवडावं, कुणी नाही

गुण लागतातच, पण या कामाला त्याहून जास्त एक स्वभाव लागतो. ज्याला दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबता येतं, त्याने यावं. एकच गोष्ट चौथ्यांदा सांगताना ज्याचा आवाज चढत नाही, त्याने यावं. ज्याला प्रकाशशास्त्राचं गणितही आवडतं आणि शेजारच्या आजींना सुईत दोरा ओवून द्यायलाही आवडतं, त्याने तर नक्की यावं. ज्याला दर रुग्णामागे ‘बरा झाला’ असा निकाल हवा असतो, त्याला इथे त्रास होईल. इथे आजार तसाच राहतो. बदलतं ते माणसाचं जगणं, आणि तेही हळूहळू.

म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर सही करण्याआधी एक सकाळ लो व्हिजन क्लिनिकमध्ये बसा. एक दिवस दृष्टिबाधित मुलांच्या शाळेत घालवा. परीक्षेत कुणाचा तरी लेखनिक व्हा. पालकांनीही सोबत जावं. ब्रोशर वाचून जी काळजी मिटत नाही, ती तिथे दोन तासांत एकतर मिटते किंवा तिला नेमका आकार येतो. दोन्हींचा निर्णयाला उपयोगच होतो.

त्या मुलीचा भाऊ आठ दिवसांनी मला भेटायला आला, तेव्हा मी त्याला एकच गृहपाठ दिला. आठवडाभर बहिणीबरोबर राहा, तिला काही शिकवू नकोस, मदतीला धावू नकोस. ती कुठे थांबते, कुठे चाचपडते, कुठे अंदाजाने चालते, तेवढं लिही. वेळ आणि उजेडासकट.

तो वही घेऊन परत आला. चौदा नोंदी होत्या. संध्याकाळी अंगणातून घरात येताना उंबऱ्याशी क्षणभर थांबते. दूध ओतताना पेल्यात बोट धरते, कारण स्टीलच्या पेल्यात दूध कुठवर आलं ते कळत नाही. पेन्सिलीने लिहिलेलं स्वतःचंच परत वाचता येत नाही, काळ्या स्केच पेनने लिहिलेलं येतं. आणि सगळ्यांत वर, पहिली नोंद : “ताट पांढरं, भात पांढरा. अर्धा भात ताटात राहतो. आई म्हणते टाकते. तिला दिसत नाही.”

या ओळीखाली त्याने पुढच्या दिवसाची तारीख टाकून लिहिलं होतं : “आज निळ्या ताटात वाढलं. सगळा संपवला.”

बारावीचे मार्क किती पडतील, असं विचारायचं मी ठरवलं होतं. त्या दिवशी विचारलं नाही. दिसण्यातली अडचण ओळखायची, कारण शोधायचं, उपाय करून बघायचा आणि परिणाम लिहून ठेवायचा, हा या व्यवसायाचा सगळा क्रम त्याने घरातल्या एका ताटावर पूर्ण केला होता. राहिलेलं शिकवायला महाविद्यालयं आहेत.